टोरोंटो ते नंदाखाल, पंचवीस तास

आमच्या विरारजवळच्या नंदाखालात माणूस गेला की पहिला फोन फादरांना जातो आणि दुसरा रुडॉल्फ तुस्कानोला. फादर प्रार्थनेसाठी, रुडॉल्फ टायमासाठी. आमच्याकडे घरटी एक तरी पोर परदेशात आहे. कुणी ऑकलंडला, कुणी तेल अवीवला म्हाताऱ्यांची सेवा करायला, कुणी रोमला, आणि गेल्या दहा वर्षांत जो तो टोरोंटोला. ते पोर येऊन आईबापाचं तोंड बघत नाही तोवर माती द्यायची नाही, असा आमचा रिवाज. पूर्वी तार जायची आणि माती संध्याकाळी उरकायची. आता काचेची थंड पेटी आली, त्यामुळे थांबता येतं. किती थांबायचं ते रुडॉल्फ सांगायचा.

सांगायचा असं लिहिते आहे, कारण या जानेवारीपासून तो सांगत नाही. काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. मी इझाबेल, त्याची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये केळीची एक रांग, एवढंच अंतर. सदतीस वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला, त्यामुळे सगळं गाव मला टीचर म्हणतं. धक्के मी पुष्कळ पचवलेत, पण त्या बुधवारी दुपारी जो बसला तो अजून उतरलेला नाही. लिहून काढला तर उतरतो का बघते. आपसात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, ती जशीच्या तशी लिहिली तर आगाशीच्या पलीकडे कुणाला कळायची नाही, म्हणून थोडी सोपी करते.

रुडॉल्फ एकतीस वर्षं सहारच्या विमानतळावर कार्गोत होता. खोक्यांचं वजन करायचं, कुठल्या गावाला जायचं त्याची चिठ्ठी लावायची आणि विमानाच्या पोटात माल नीट बसला की नाही ते बघायचं, हे त्याचं काम. विमानाच्या पोटात तो हजारदा गेला असेल, सीटवर मात्र एकदाही बसला नाही. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. "मला कुठं जायचंय?" म्हणायचा. पण कुठलं विमान कुठून कधी सुटतं, मध्ये किती थांबतं, वारा समोरून असला की किती उशीर करतं, हे सगळं त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसलेलं. निवृत्त माणसं सांधेदुखीबद्दल बोलतात, हा अंतरांबद्दल बोलायचा.

"टीचर, टोरोंटो ते मुंबई सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. फ्रँकफर्टवरून आलं तर बारा हजार नऊशे. म्हणजे वाट वाकडी करून चारशेच वाढले."

भूगोल मी शिकवला खरा, पण पृथ्वी गोल आहे हे मला तुझ्यामुळे पटलं, असं मी त्याला चिडवायचे. माझा शाळेतला जुना नकाशासंग्रह त्यानं मागून नेला तो परत दिलाच नाही.

मयताच्या घरी तो आला की ओट्यावर त्याला खुर्ची मिळायची. चहा घ्यायचा नाही. पोर कुठल्या गावात आहे ते विचारायचा, तिथे आत्ता किती वाजलेत ते सांगायचा, मग डोळे मिटून पुटपुटायचा. पहिलं विमान, मधला थांबा, दुसरं विमान, इमिग्रेशनला एक तास, बॅगेला अर्धा, आणि शेवटी हायवे. "विमानाचं मला टेन्शन नाय, दहिसर ते विरार फाट्याचं आहे," हे दर वेळी म्हणणार. मग डोळे उघडून एक वेळ सांगायचा. फादर ती मान्य करायचे, नाक्यावरच्या फळ्यावर ती लिहिली जायची आणि चर्चची घंटा त्याच वेळेला वाजायची.

त्याची वेळ चुकलेली मला आठवत नाही. एलिसाचा बाप गेला तेव्हा ती ऑकलंडला होती. रुडॉल्फ म्हणाला, दुपारी सव्वातीन. तीन वाजून वीस मिनिटांनी तिची गाडी दारात आली. ती पाच मिनिटं बोळिंजला कुणाच्या तरी वरातीत गेली, हे त्यानं नंतर ड्रायव्हरला विचारून शोधून काढलं, तेव्हा कुठे त्याच्या जिवाला स्वस्थता आली.

गोड बोलणं मात्र त्याला जमायचं नाही. एका बाईचा मुलगा रोमला होता, नवरा पेटीत, ती रडत विचारत होती, संध्याकाळपर्यंत येईल ना रे? हा म्हणाला, "नाय. उद्या दुपारी दोन." मी त्याला बाजूला घेऊन झापलं. येईल, येईल, असं म्हणायला तुझं काय जात होतं? त्यावर त्याचं उत्तर, "तास म्हणजे तास, टीचर. रडून कमी होत नायत." मला राग यायचा त्याचा. आणि विश्वासही त्याच्यावरच होता, माझाही आणि गावाचाही.

त्याची बायको हेलन याच्या अगदी उलट. हा मोजून बोलायचा, ती बोलायला लागली की विहिरीचं पाणी आटेल पण तिचं बोलणं आटायचं नाही. तिला ऊनपाऊस, फादरांचं प्रवचन, माझी साडी, सगळ्यावर मत होतं. त्यांना एकच मुलगा, लेस्टर. माझा विद्यार्थी. अभ्यासात बरा, स्वभावानं लाजाळू, बापासारखा सरळ आणि बापाला भिणारा. भिणारा म्हणजे मार खायचा म्हणून नाही. बापाला आपलं काही चुकीचं दिसू नये याची त्याला लहानपणापासून धास्ती. पेपरात एक मार्क कमी मिळाला तर माझ्याकडे येऊन विचारायचा, टीचर, डॅडींना सांगणार काय?

तीन वर्षांपूर्वी तो टोरोंटोला शिकायला गेला. गावच्या चर्चमध्ये त्याच्यासाठी आभाराची मिस्सा झाली. शाळेच्या हॉलमध्ये मी भाषण ठोकलं, नंदाखालच्या केळीच्या वाडीतला मुलगा कुठे पोचला बघा, वगैरे. त्यानंतर दर वर्षी शाळेत बोलावलं की दहावीच्या मुलांना मी लेस्टरचं उदाहरण देत आले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं त्यात माझ्या त्या भाषणांचाही वाटा आहे.

दर रविवारी सकाळी आठला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. आपले सकाळचे आठ म्हणजे थंडीत त्याच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. ही वेळ रुडॉल्फनं ठरवून दिलेली. बाकी कधी फोन करायचा नाही, पोराची झोप मोडते, नाहीतर काम मोडतं. हेलनला मध्येच आठवण आली तर हा घड्याळाकडे बघून सांगायचा, "तिकडे रात्रीचे तीन वाजलेत. ठेव तो फोन." ती बिचारी ठेवायची. पडद्यावर लेस्टर दिसायचा, मागे काळोख, डोक्यावर दिवा. हसायचा. सगळं बरं आहे म्हणायचा.

या जानेवारीत हेलनचं हृदय थकलं. सोमवारी संध्याकाळी हॉस्पिटलातून तिला घरी आणलं. डॉक्टरांनी रुडॉल्फला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, एक-दोन दिवस, फार तर तीन. फादर येऊन प्रार्थना करून तिला शेवटचं पवित्र तेल लावून गेले. माझी भाची ज्युली नर्स आहे, ती रजा काढून उशाशी बसली. हेलनला सगळं कळलं होतं. तिनं कुणाला काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "लेस्टरला बघून मग जाते."

एकच इच्छा. घर नाही, दागिना नाही, लूर्दच्या तीर्थाचं पाणी नाही. पोराचं तोंड बघायचं, बस.

मंगळवारी सकाळी आठला रुडॉल्फनं त्याला व्हॉट्सअॅपवर फोन लावला. मी तिथेच होते. स्पीकर चालू होता.

"लेस्टर, मम्मीचं बरं नाय. तू निघ."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "किती सिरियस आहे, डॅडी?"

रुडॉल्फनं आतल्या खोलीकडे बघितलं. दार उघडं होतं, हेलन ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला गोड बोलताना ऐकलं. "गुरुवारपर्यंत काय नाय होत. ती थांबेल तुझ्यासाठी. आत्ता तुझ्याकडे सोमवारची रात्र, आजचं विमान गेलं. उद्या रात्री दहाचं पकड, फ्रँकफर्टवरून. तेव्हा आपल्याकडे बुधवार सकाळचे साडेआठ असतील. एकवीस-साडेएकवीस तासांत मुंबई, दीड तास बाहेर पडायला, दोन तास रस्त्याला. पंचवीस तास. गुरुवारी सकाळी साडेनऊला तू दारात."

"हो, डॅडी."

"साडेनऊ."

"हो."

फोन ठेवून तो आत गेला आणि हेलनला म्हणाला, "गुरुवारी साडेनऊ." ती हसली. मंगळवारी दुपारी तिनं वाटीभर पेज खाल्ली, ज्युलीला केसांना तेल लावायला सांगितलं, आणि लेस्टर आल्यावर त्याला कोंबडी कोण करून घालणार यावरून माझ्याशी वाद घातला. मी करीन म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या हाताला चव नाय." आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, ही खरंच थांबते.

बुधवारी सकाळी साडेआठला लेस्टरचा मेसेज आला. बोर्डिंग झालं. रुडॉल्फनं तो वाचून दाखवला, नकाशासंग्रह आणला आणि पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला. मग सकाळभर त्याचं बोट त्या पानावर सरकत राहिलं. "आता क्युबेकवर आला. आता जमीन संपली, हेलन. आता समुद्र." हेलनचा श्वास रात्रीपासून जड झाला होता, तरी ती डोळे किलकिले करून ते बोट बघायची. नवराबायकोचं एवढं मऊ बोलणं मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. शेजारणी ओट्यावर रोझरी म्हणत होत्या. मी मध्येच उठून पाणी देत होते आणि मनात म्हणत होते, माऊली, उद्या साडेनऊपर्यंत सांभाळ.

बाराच्या सुमाराला हेलननं विचारलं, "किती राहिले?"

रुडॉल्फनं घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा खोटं बोलेल. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. थोडेच, एवढं म्हण. येतोच आहे, म्हण. पण फोनवर जे एकदा जमलं ते त्याला परत जमलं नाही. ती सरळ त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्याशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

"साडेएकवीस तास," तो म्हणाला.

हेलननं ते ऐकलं. कुणाला न दुखवता एखादं आमंत्रण नाकारावं तसं म्हणाली, "एवढं नाय जमणार रे."

नंतर ती बोलली नाही. एक वाजून दहा मिनिटांनी गेली. ज्युलीनं नाडी बघितली, परत बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. रुडॉल्फचं बोट त्या निळ्या समुद्रावरच होतं.

रडारड झाली. फादरांना निरोप गेला. रुडॉल्फ रडला नाही. ओट्यावर येऊन त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं बसला. या वेळी ते त्याचंच घर होतं. बायका सांगत होत्या, लेस्टरला कळवा. तो म्हणाला, "आत्ता तो समुद्रावर आहे. फोन बंद. चारला फ्रँकफर्टला उतरेल तेव्हा सांगू. तोवर त्याला सुखानं येऊ दे." तेवढ्या दुःखात त्यानं पोराचे अडीच तास वाचवले, याचं मला भरून आलं.

पण ज्युली आजची पोरगी. तिला वाटलं, उतरल्या उतरल्या त्याला मिस्ड कॉल दिसेल आणि तो स्वतःच फोन करील. दीड वाजता तिनं व्हॉट्सअॅपवर त्याला कॉल लावला. दुसऱ्या रिंगला त्यानं उचलला.

ज्युली गडबडली. "अंकल, लेस्टरनं उचलला," म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "हल्ली विमानात वायफाय असतं ना." आणि फोन रुडॉल्फच्या हातात दिला. स्पीकर चालूच होता.

"हॅलो? ज्युली? मम्मी बरी आहे ना?"

रुडॉल्फ बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात लेस्टरच्या आवाजामागून दुसरा आवाज आला. भोंग्यावर टेप लावलेली असते तो. भंगारवाला, लोखंड, रद्दी, पेपर, जुना फ्रीज, वॉशिंग मशीन. एकदा आला, मग गाडी पुढे गेल्यासारखा जरा लांबून परत आला. हिंदीतला, आमच्या रोजच्या ओळखीचा. ओट्यावर तीस माणसं होती. एकाच्याही तोंडातून प्रार्थना निघेना.

मी रुडॉल्फकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. आयुष्यभर बरोबर आलेलं उत्तर पहिल्यांदा चुकलं आणि कुठे चुकलं ते सापडत नाही, अशा माणसाचं तोंड होतं ते. त्यानं विचारलं, "कुठं आहेस?"

भोंगा आणखी लांब गेला.

"लेस्टर. कुठं आहेस?"

"फुलपाड्यात, डॅडी."

फुलपाडा विरार पूर्वेला. आमच्या दारापासून नऊ किलोमीटर. माझी धाकटी बहीण तिथे राहते. गेल्याच आठवड्यात मी तिच्याकडे जाऊन जेवून आले होते.

"मम्मी गेली," रुडॉल्फ म्हणाला आणि फोन ज्युलीला परत दिला.

लेस्टर आला तेव्हा दोन वाजून गेले होते. रिक्षातून उतरला. अंगात घरातला टी-शर्ट, पायात स्लीपर, हातात काहीच नाही. फाटकापासून ओट्यापर्यंत माणसांनी त्याला वाट करून दिली, पण कुणी त्याला जवळ घेतलं नाही. सगळ्यांना तो उद्या सकाळी हवा होता, जाड जॅकेट घालून, बॅग ओढत, थकलेला. हा दाढी वाढलेला, उन्हानं रापलेला पोरगा आमचाच आहे हे आमच्या डोळ्यांना पटेना. तो आत जाऊन आईच्या पायाशी बसला. पायांवर डोकं ठेवलं आणि तसाच राहिला. मी शिक्षिका आहे, मला कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं ते कळायला हवं होतं. पण मला राहवलं नाही.

"कधी आलास तू इथे?"

"सप्टेंबरमध्ये, टीचर."

माझा विश्वास बसेना. मी बोटांवर महिने मोजले. चार महिने. चार महिने हे पोर हाकेच्या अंतरावर होतं, आणि आम्ही त्याच्या झोपेची काळजी करत होतो.

त्याचं कॉलेज तिकडे बंद पडलं, व्हिसा वाढला नाही. परत आला. घरी यायला पाय उचलेना. हर्षवर्धन नावाच्या मित्राच्या खोलीत राहिला. पूर्वेलाच एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम मिळालं होतं. चांगली नोकरी लागली की सांगू, असं आज-उद्या करत राहिला. विरार स्टेशनच्या पश्चिमेला, आमच्या बाजूला, यायचा नाही, गावातलं कुणी बघेल म्हणून. आणि रविवारी सकाळी आठला खिडकीला चादर ठोकायचा, रात्र दिसावी म्हणून, दिवा लावायचा आणि फोन करायचा. हे सगळं त्यानं आईच्या पायांकडे बघत सांगितलं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही.

"अरे, पण मंगळवारी तुला कळलं," मी म्हटलं. "तुझी मम्मी मरते आहे हे कळलं. मग यायचं ना. लाज गेली असती, दुसरं काय गेलं असतं?"

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. माझ्याकडे नाही, दारात उभ्या असलेल्या बापाकडे.

"डॅडी, तुम्ही गुरुवार साडेनऊ म्हणालात. त्याआधी दारात आलो असतो तर कसा आलो ते तुम्ही विचारलं असतं. तुमचा टाइम चुकत नाय हे सगळ्यांना माहीत. मी बॅग भरून ठेवली होती. उद्या सकाळी रिक्षानं हायवेला जायचं, तिथून टॅक्सी करायची आणि साडेनऊला यायचं, असं ठरवलं होतं. मग सांगणार होतो, मम्मीला भेटून झालं की सगळं सांगणार होतो." त्यानं पलंगाची कड धरली. "तुम्ही म्हणालात ती थांबेल. तुम्ही म्हणालात म्हणून मी थांबलो."

मला वाटलं, रुडॉल्फ आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"रिक्षाला किती वेळ लागला?" त्यानं विचारलं.

"काय?"

"आत्ता. फुलपाड्याहून इथे."

"अर्धा तास. बोळिंजला ट्रॅफिक होता."

रुडॉल्फनं डोळे मिटले. मी त्याला असा शेकडो ओट्यांवर पाहिलेला. ओठ हलले. मग डोळे उघडून तो म्हणाला, "म्हणजे मंगळवारी साडेआठ. मंगळवारी साडेआठला तू इथे असतास. तेव्हा ती बोलत होती." तो पलंगाकडे आला आणि पोराच्या शेजारी जमिनीवर बसला. "मंगळवारी तिनं पेज खाल्ली, लेस्टर. मंगळवारी दिवसभर ती बोलत होती."

मग तो रडायला लागला. पोरानं हात पुढे केला, बापानं तो धरला की नाही ते मला दिसलं नाही, कारण मी बाहेर निघून गेले. केळीच्या रांगेत उभी राहून मी तोंडात पदर कोंबला. बारा हजार नऊशे किलोमीटर आम्ही सगळ्यांनी मोजले होते. नऊ किलोमीटर कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

संध्याकाळी फादरांनी विचारलं, माती कधी? सगळे सवयीनं रुडॉल्फकडे वळले. त्यानं नकाशासंग्रह मिटून ठेवला. शेवटी मीच म्हटलं, उद्या दहाला. फळ्यावर ते माझ्या सांगण्यावरून लिहिलं गेलं.

लेस्टर आता घरीच असतो, विरारच्या त्याच ऑफिसात जातो. गावानं आठ दिवस तोंडसुख घेतलं, नंतर सोडलं. मी दहावीच्या मुलांना कुणाचं उदाहरण देणं बंद केलं आहे. बापलेक एकमेकांशी कामापुरतं बोलतात, पण एका ताटलीतली मासळी दोघं वाटून खातात. मी ती करून देते. चव नाही असं म्हणायला कुणी उरलेलं नाही, म्हणून निमूटपणे खातात.

मागच्या महिन्यात आमच्या वाडीच्या टोकाला राहणारा चंद्रहास रुडॉल्फकडे आला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, बहीण मीरा सिंगापूरला. मी पडवीत वाटाणे सोलत बसले होते. चंद्रहास म्हणाला, "अंकल, डॉक्टर म्हणतात आठवडाभर काढेल. मीरा विचारते कधी निघू. सिंगापूरहून किती तास धरायचे?"

सिंगापूर ते मुंबई हे रुडॉल्फला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. मी कान टवकारले. त्यानं डोळे मिटले नाहीत. चंद्रहासच्या खिशातला मोबाईल स्वतः काढून त्याच्या हातात दिला.

"तास विचारू नको," तो म्हणाला. "फोन लाव आणि सांग, जिथे असशील तिथून आत्ता निघ."